खारघर ते नगर : शाळा काढणाऱ्या श्रद्धेच्या मागावर

खारघरात पत्ता सांगायचा झाला तर देवळाआधी कॉलेजाची खूण सांगतात. ‘निफ्टच्या पुढे’, ‘एसी पाटीलच्या मागे’, ‘टाटा हॉस्पिटलच्या रस्त्याला’. सिडकोची स्थापना १९७० सालची. तिने आखलेल्या नवी मुंबईतला हा नोड तसा उशिरा भरला. ओवे, मुर्बी, कोपरा, बेलपाडा या गावांच्या भातखाचरांवर सेक्टर उभे राहिले. मागे डोंगर, आणि पाऊस लागला की पांडवकडा. सेक्टर चारमध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, सेक्टर बावीसमध्ये टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र, आणि अधेमधे इंजिनिअरिंग, दंतवैद्यक, व्यवस्थापन यांची कॉलेजं. सकाळी सातला इथल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त गर्दी असते ती स्कूलबसची.

रविवारी सकाळी बस उभ्या असतात, पण दप्तरं काही घरांतून निघतातच. केरळ, गोवा, मंगळूर, तमिळनाडू इथून आलेली आणि नगर-जालना-सोलापूरकडून नोकरीसाठी उतरलेली ख्रिस्ती कुटुंबं नवी मुंबईत सर्वत्र आहेत. मोठ्यांची उपासना चालू असताना मुलांचा वर्ग वेगळा बसतो. मराठी प्रोटेस्टंट मंडळींत त्याला शब्बाथशाळा म्हणतात. तिथे हजेरी असते, पाठांतर असतं, वचनं म्हणून दाखवायची असतात, वर्षाअखेरीला परीक्षा आणि बक्षीससुद्धा असतं. उपासनेला जोडून शाळा भरवण्याची ही सवय जुनी आहे, आणि तिचा माग खारघरहून निघणाऱ्या एका रस्त्यावर चांगला लागतो.

खारघरच्या बहुतेक पालकांच्या लेखी ख्रिस्ती शिक्षण म्हणजे इंग्रजी माध्यम, शिस्त, टाय आणि प्रवेशाची रांग. हार्बर लाइनवर वाशीला उतरलं की फादर अग्नेल, नेरूळला डॉन बॉस्को. पहिल्यामागे गोव्याच्या पिलारची परंपरा आहे. दुसऱ्याला ज्याचं नाव आहे तो जॉन बॉस्को एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीन शहरात रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून अक्षर आणि हातकाम शिकवत असे. आज या शाळांच्या दारात उभे असलेले पालक सर्व धर्मांचे असतात. पण महाराष्ट्रात हे काम सुरू झालं तेव्हा त्याची भाषा मुख्यतः मराठी होती. त्याची सर्वांत धाडसी शाखा मुलींच्या शाळांची होती, आणि त्याचा सर्वांत मोठा कारखाना मुंबईत नव्हे तर दौंड तालुक्यात उभा राहिला. ते पाहायला कळंबोली गाठायची.

घाट चढताना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खारघरच्या शेजारच्या कळंबोलीतून सुरू होतो. लांबी साधारण ९४.५ किलोमीटर. खालापूरचा टोलनाका मागे पडला की घाट लागतो, आणि शनिवार असेल तर गाडी इतकी रेंगाळते की दोनशे वर्षांची उजळणी आरामात व्हावी.

मिशनरी जिथे गेले तिथे चर्चच्या भिंती उभ्या राहण्याआधीच शाळा का निघाली, याचं उत्तर युरोपात आहे. मार्टिन ल्यूथरने बायबल जर्मन भाषेत आणलं आणि ते प्रत्येकाने वाचावं असा आग्रह धरला. पण वाचायला येत कुणाला होतं? म्हणून १५२४ साली त्याने जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहून शाळा काढायला सांगितलं, मुलींसाठीसुद्धा. १५६० मध्ये जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी असा आराखडा मांडला. १६४७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने पन्नास घरांच्या गावाला शिक्षक ठेवणं सक्तीचं केलं. कॅथलिकही मागे नव्हते. १५९९ मध्ये जेझुइट संघाने आपल्या कॉलेजांचा अभ्यासक्रम बारीकसारीक तपशिलांसह ठरवून टाकला.

महाराष्ट्रात आले ते नेमके यांतल्या शेवटच्या तीन घराण्यांचे लोक. न्यू इंग्लंडमधले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. स्कॉटिश मंडळी १८२३ मध्ये कोकणात बाणकोटला आली. जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपं १८२९ मध्ये मुंबईत आलं. १८३२ मध्ये विल्सनने काढलेल्या शाळेचं पुढे गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज झालं. जेझुइटांचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. मुलींची शाळा मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८२४ मध्येच अमेरिकन मिशनने मुंबईत काढली होती.

शाळेच्या पाठोपाठ छापखाना आला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. तिथे टॉमस ग्रॅहम नावाचा कसबी माणूस देवनागरी खिळे घडवत असे. त्याच्या हाताखाली जावजी दादाजी हा गरीब घरचा मुलगा कामाला लागला. खिळे घासता घासता तो ते पाडण्याची कला शिकला आणि पुढे त्याने ‘निर्णयसागर’ काढला. ज्या छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांच्या शुद्धतेची शास्त्री-पंडित वाखाणणी करत, त्याच्या मालकाची उमेदवारी बायबलच्या पानांवर झाली होती.

या शाळांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि मिशनऱ्यांनी तो कधी लपवला नाही. बायबलचा तास सक्तीचा असे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला, त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला आणि मुंबईत गहजब उडाला. श्रीपादला शुद्ध करून परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. पालक मिशनच्या शाळांना भीत होते ते उगाच नव्हे. तरीही मुलं येत राहिली, कारण खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना आणि मुलींना आत घेणारा दरवाजा सहसा तेवढाच होता.

बुधवार पेठ, गुरुवार पेठ

पुण्यात पहिला मुक्काम बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर. इथे भिडे वाडा होता. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा याच वाड्यात सुरू केली. डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला, तेव्हा जुनी वास्तू पाहण्याच्या आशेने कुणी जाऊ नये.

फुल्यांचं माध्यमिक शिक्षण १८४१ ते १८४७ या काळात स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत झालं. मुलींची शाळा काढण्याआधी ते नगरला गेले होते आणि तिथली मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाच्या हकिकतीत नगरच्या फरारबाई आणि पुण्याच्या मिसेस मिचेल ही दोन नावं येतात. फुले दांपत्य ख्रिस्ती झालं नाही. मिशनच्या शाळेत माणसांच्या समतेचं जे काही कानावर पडलं ते त्यांनी घेतलं, स्वतःच्या अनुभवावर पारखलं आणि त्यातून सत्यशोधक मार्ग काढला. दिलेल्या शिक्षणाचं काय करायचं हे घेणाऱ्याने ठरवलं. या प्रवासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

तिथून चालत गुरुवार पेठेत जावं. पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय आणि त्यापासून सुटा उभा असलेला घंटेचा उंच मनोरा दुरूनच दिसतो. १४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनने व्याख्यानाला बोलावलेल्या पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, आणि शंकराचार्यांपर्यंत गेलेलं चहाचं ग्रामण्य पुढे कित्येक महिने पेटत राहिलं. ख्रिस्त्यांच्या हातच्या कपभर चहाने पुणं एवढं हादरत होतं. त्याच शहरात, त्याच काळात, एक ख्रिस्ती झालेली ब्राह्मण विधवा उच्चवर्णीय विधवांची शाळा चालवत होती.

केडगाव : बायकांचा छापखाना

पुण्याहून सोलापूर रस्ता धरायचा. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर. चौफुल्याला संगीतबारीची कलाकेंद्रं दिसली की डावीकडे वळायचं. रेल्वेने जायचं तर पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन आहे आणि पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथून जवळ आहे. नगर शहराला लागून दुसरं एक केडगाव आहे, त्यामुळे मोबाइलवर नकाशा लावताना ‘दौंड’ लिहायला विसरू नये.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि रमेला ते आईकडून मिळालं. घर फिरस्त्या पुराणिकांचं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं आणि दोन वर्षांतच ती विधवा झाली, पदरी मनोरमा. आसामात असताना पतीच्या पुस्तकांत तिला लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. धर्मग्रंथ बाईने स्वतः उघडून वाचायचा, ही सवय आईने लावलेली. ख्रिस्ताकडे ती आली ती त्याच सवयीने.

१८८२ मध्ये पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथून पुढे काय व्हावं याची त्यांच्या इंग्रज गुरुभगिनींनी जी कल्पना केली होती ती रमाबाईंनी मोडून काढली. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशभगिनींना समजेल असं संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवू नये असं बिशपांचं म्हणणं आलं, तेव्हा त्यांनी तिखट शब्दांत निषेध कळवला. त्रैक्याचा सिद्धान्त पटेपर्यंत तो मान्य करायला त्यांनी नकार दिला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. श्रद्धा आणि बुद्धी यांची खडाजंगी ज्याला पाहायची आहे त्याने तो वाचावा.

इकडे त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात टीकेचा भडिमार झाला. फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेतली.

आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत फिरल्या. फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं शिक्षण त्यांनी तिथे घेतलं, सार्वजनिक शाळा पाहिल्या, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत प्रवासवृत्त छापलं. देवस्थानांपेक्षा शाळा, कॉलेजं, ग्रंथालयं आणि बायकांच्या संस्था यांना जागा देणारं हे पुस्तक मराठी प्रवासवर्णनात वेगळंच आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. पैसा बॉस्टनमधल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि अट अशी की शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील.

ती तटस्थता पुण्याला पुरेशी वाटली नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, ‘केसरी’ने झोड उठवली, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप अगदीच निराधार होता असं म्हणता येणार नाही. काही मुली पुढे खरोखर ख्रिस्ती झाल्या. पण शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई नातू. मार्च १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, त्यातून हिंगण्याचा आश्रम वाढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं. आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या वंशावळीत शारदा सदनाचं नाव असं घरातूनच येतं.

केडगावची जमीन रमाबाईंनी संस्थेला उत्पन्न असावं म्हणून घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. तंबू पडले, झोपड्या झाल्या, विहिरी खणल्या गेल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता विद्यार्थिनी पुण्यातल्या ब्राह्मण घरच्या नव्हत्या. भुकेने सापळा झालेल्या, सगळ्या जातींच्या, बहुतेक निरक्षर. त्यांच्यासाठी शाळा होतीच, शिवाय विणकाम, शिवण, दूधदुभतं, तेलाचा घाणा, शेती. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन झालं आणि तिथे ब्रेल आलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन.

आणि छापखाना. मुक्तीच्या कामात डोळ्यांपुढे आणण्यासारखी गोष्ट कुठली असेल तर हीच. देवनागरी जुळणीत इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं लहान-मोठी करून भागत नाही. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, रफार असे शेकडो खिळे वेगवेगळ्या खणांत असतात आणि खण न पाहता हात तिथे गेला पाहिजे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे जुळारणीला आरशातली ओळ वाचावी लागते. चार वर्षांपूर्वी ज्या मुलीला ‘अ’ काढता येत नव्हता ती आता उलटी मराठी सरळ वाचत होती, मुद्रितं काढत होती, चुकलेली वेलांटी चिमट्याने उपटून दुसरी बसवत होती. पान बांधणं, शाई लावणं, छापणं, घड्या घालणं, शिवणं, सगळं बायकांचं.

या बायकांनी छापलेलं सर्वांत मोठं पुस्तक म्हणजे रमाबाईंचं बायबल. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही असं त्यांचं मत झालं. भाषांतर दुसऱ्या भाषांतरावरून करायचं नाही, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं आणि वर्षानुवर्षं पहाटे उठून एकटीने काम ओढलं. मदतीला संस्कृतची तयारी होती, पण मराठी मात्र त्यांनी मुद्दाम साधी ठेवली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेची शाळा आणि कारभार जिच्या हाती सोपवायचा ती मुलगी चाळिशीतच गेल्यावरही आईने मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. एका स्त्रीने एकटीने मूळ भाषांतून केलेलं आणि स्त्रियांनीच जुळवून छापलेलं बायबल जगातही दुर्मीळ.

संस्था आजही चालू आहे. शाळा आहे, दवाखाना आहे, निराधार मुली आणि वृद्ध स्त्रियांची सदनं आहेत, आणि आवारात ते भलं मोठं चर्च आहे, जिथे त्या काळी शेकडो बायका एकदम जमिनीवर बसत.

नगर : फरारबाई, मुक्ता आणि लक्ष्मीबाई

केडगावहून न्हावरे-शिरूर असं वर गेलं की पुणे-नगर हमरस्ता लागतो. अहमदनगरचं अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण एसटीच्या फलाटावर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाळी ऐकू येते.

अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ मध्ये ठाणं मांडलं. १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरलेल्या मिस फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. अविवाहित स्त्रीने परदेशात एकटीने राहून तीन दशकांहून जास्त काळ मुलींना शिकवावं, हे तेव्हा त्यांच्या मायदेशातही जगावेगळं होतं. १८४२ मध्ये याच गावातून ‘ज्ञानोदय’ निघालं. धर्म हा त्याचा मुख्य विषय, पण त्याबरोबर खगोल, भूगोल, यंत्रं, आगगाडी असलं सगळं नवलही ते मराठीत सांगत असे. मराठीतल्या सर्वांत दीर्घायुषी नियतकालिकांत त्याची गणना होते.

१८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत ‘ज्ञानोदय’ने एक निबंध छापला. लेखिका मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या या निबंधात तिने धर्माला आणि पेशवाईतल्या जुलमाला थेट प्रश्न विचारले. शाळा फुल्यांची, छापखाना मिशनचा आणि प्रश्न तिचे स्वतःचे.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले. गावोगाव एकशिक्षकी मिशन शाळा निघाल्या आणि अनेक ठिकाणी मास्तर आणि पाळक एकच. दिवसा पाटी, रात्री भजन. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरला येऊन राहिले. त्यांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीत आणलं. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन त्यांनी १९१२ पासून १९१९ मधल्या मृत्यूपर्यंत केलं.

पण शिक्षणाची कहाणी त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोची मोठी आहे. लक्ष्मीबाई कडकडीत सोवळ्याच्या घरातून आलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. लग्नानंतर नवऱ्याने लहर लागेल तसं वाचायला शिकवलं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या त्याच्यापासून दूर राहिल्या. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने विचार करून, जातीचा विटाळ आधी मनातून काढून, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुढे नेलं आणि त्याचे बहुतेक अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली. पदवी नाही, शाळा नाही, आणि मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र कोणतं असं विचारलं की आजही पहिलं नाव ‘स्मृतिचित्रे’चंच निघतं.

नगर कॉलेज १९४७ चं. डॉ. बी. पी. हिवाळे यांनी ते काढलं तेव्हा जिल्ह्यातल्या मुलांना पदवीसाठी पुणं गाठावं लागत होतं. कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आणि विद्यार्थी साऱ्या जिल्ह्याचे. मुलींसाठी मिशनने उभं केलेलं क्लेरा ब्रूस हायस्कूलही शहरातच आहे.

परतताना

नगरहून खारघर पाच-सहा तासांचं अंतर. या वाटेवर एक हिशेब डोक्यात घोळत राहतो.

अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश ख्रिस्ती झालेल्या दलितांना लागू नाही. म्हणजे ज्यांच्या पणजोबांनी मिशनच्या एकशिक्षकी शाळेत पहिलं अक्षर गिरवलं, त्यांच्या पोरांना शहरात अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. दुसरीकडे राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार शिक्षणहक्क कायदा, आणि त्यातला दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागांचा नियम, अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्या निकालावर प्रश्न उपस्थित केला. हक्काचा मुद्दा न्यायालय सोडवील. पण फरारबाईंची शाळा आणि मुक्तीची जुळणीची खोली पाहून आलेल्याला शहरातल्या मिशन शाळांकडून कायद्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवावीशी वाटते. कायदा सांगत नव्हता तेव्हाच या परंपरेने सगळ्यात शेवटच्या मुलीला पहिल्या बाकावर बसवलं होतं. बिनफीच्या काही जागा आणि चांगली मराठी, एवढं तरी या शाळांनी स्वतःहून द्यावं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दोन दिवस हाताशी ठेवावेत, रात्रीचा मुक्काम पुण्यात किंवा नगरला. मुक्ती मिशन हे प्रेक्षणीय स्थळ नाही, तिथे मुली आणि बायका राहतात. आधी कार्यालयाशी बोलून परवानगी घ्यावी आणि मुलींचे फोटो काढू नयेत. रविवारी सकाळी पोहोचलात तर उपासनेला बसता येईल, मात्र आवार पाहायला कामाचा दिवस बरा. सोबत ‘स्मृतिचित्रे’ असू द्या. घाटात गाडी अडकली तरी चालेल.